एकूण कोलेस्टेरॉल बाजूला ठेवा, नॉन-एचडीएल बघा

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. यजमानांचे वय ४४. तपासणीत एकूण कोलेस्टेरॉल २३८, एचडीएल (चांगले कोलेस्टेरॉल) ३६, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) २६०, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १५०. सासऱ्यांना ५१व्या वर्षी हार्ट अटॅक येऊन गेला. डॉक्टरांनी रोसुवास्टॅटिन १० मिग्रॅ (कोलेस्टेरॉल उतरवणारी, स्टॅटिन गटातली गोळी) लिहून दिली, पण 'गोळी एकदा सुरू झाली की जन्माची मागे लागते' म्हणून यजमान ती घ्यायला तयार नाहीत. लसूण खाऊन आणि पथ्य पाळून तीन महिने बघू म्हणतात. तुम्ही घरातले तूप आणि अंडी बंद केलीत. मी डॉक्टर नाही, पण पॅथॉलॉजी लॅबमध्ये बरीच वर्षे काढली आहेत आणि असे रिपोर्ट रोज हातातून गेले आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

सगळ्यांची नजर आधी २३८ या आकड्यावर जाते. त्यात चांगले-वाईट सगळे मिसळलेले असते, त्यामुळे त्यावरून फारसे काही ठरत नाही. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा: २३८ वजा ३६, म्हणजे २०२. हे नॉन-एचडीएल. रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरून साचू शकणारे जेवढे कण आहेत, त्या सगळ्यांमधले कोलेस्टेरॉल यात येते. एलडीएल हा त्यातला मोठा वाटा, पण एकमेव नाही. आपल्याकडे एलडीएल मध्यम, ट्रायग्लिसराइड्स जास्त आणि एचडीएल कमी, असे त्रिकूट फार दिसते. अशा माणसाचा नुसता एलडीएल बघितला तर धोका आहे त्यापेक्षा कमी वाटतो. शिवाय बऱ्याच लॅब एलडीएल थेट मोजत नाहीत. एकूणमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा हिस्सा वजा करतात. तुमच्या रिपोर्टवर करून बघा, बरोबर १५० येईल. ट्रायग्लिसराइड्स ४०० च्या वर गेले की हे गणित चालत नाही.

आता किती असावे? कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे कमी किंवा मध्यम जोखमीच्या माणसाचा एलडीएल १०० च्या आत आणि नॉन-एचडीएल १३० च्या आत हवा. जोखीम जास्त असेल तर ७० आणि १००. ज्यांना हृदयविकार झालेलाच आहे त्यांना ५५ आणि ८५. यजमान कोणत्या गटात बसतात हे रक्तदाब, शुगर, तंबाखू-सिगारेट बघून डॉक्टर सांगतील. पण वडिलांना पंचावन्नच्या आत अटॅक येणे ही मोठी खूण आहे, ती हलक्यात घेऊ नका. रिपोर्टवर छापलेली 'नॉर्मल रेंज' सगळ्यांना एकच असते, त्यावर विसंबू नका.

या रिपोर्टमध्ये दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. तूप-अंडी बंद करून फार तर एकाला थोडा हात लागतो.

पहिला प्रश्न एलडीएलचा. शरीरातले बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवते, त्यात यकृताचा वाटा मोठा. रक्तातले एलडीएल ओढून घ्यायचे कामही यकृतच करते, त्याच्या पेशींवरच्या रिसेप्टरमार्फत, म्हणजे एलडीएल पकडून आत घेणाऱ्या प्रथिनांमार्फत. हा शोध ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांचा, त्यासाठी त्यांना १९८५ चे नोबेल मिळाले. संपृक्त चरबी (सॅच्युरेटेड फॅट) जास्त खाल्ली की हे रिसेप्टर कमी होतात आणि एलडीएल रक्तातच फिरत राहते. म्हणून अंड्यापेक्षा संपृक्त चरबीकडे जास्त लक्ष द्यायला हवे. दिवसाला एखादे अंडे बहुतेकांना चालते. तूप निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही, त्यात निम्म्याहून जास्त संपृक्त चरबी असते. पण वरणभातावरच्या चमचाभर तुपापेक्षा चहाबरोबरची खारी, बिस्किटे, पोह्यांवरची शेव आणि बाहेरचा वडा-समोसा यांतून पामतेल आणि डालडा किती जाते ते आधी मोजा. पामतेलात जवळपास अर्धी चरबी संपृक्त असते. तेलाच्या पिशवीवर 'कोलेस्टेरॉल फ्री' लिहिलेले असते त्याला काही अर्थ नाही, कोणत्याच वनस्पती तेलात सांगण्याजोगे कोलेस्टेरॉल नसते. शेंगदाणा, करडई, मोहरी यांपैकी कोणतेही वापरा, पण माणशी महिन्याला साधारण अर्धा लिटरवर थांबा.

एलडीएल खाली आणणारे खाणेही असते: विद्राव्य तंतू, म्हणजे पाण्यात विरघळणारा फायबर. हे आतड्यात पित्ताम्ले धरून ठेवतात, मग नवे पित्त बनवायला यकृत रक्तातले कोलेस्टेरॉल ओढते. मटकी, चवळी, राजमा, ओट्स, सातू, भेंडी, पेरू, जवसाची चटणी, पाण्यातून इसबगोल. हे रोज, नेमाने हवे. लसणाचा परिणाम असलाच तर फार थोडा. चटणीत जरूर घाला, औषध म्हणून त्यावर राहू नका.

दुसरा प्रश्न ट्रायग्लिसराइड्सचा, आणि इथे दोष तेल-तुपापेक्षा भात, मैदा, साखर, दारू आणि पोटाच्या घेराचा जास्त असतो. तुम्ही तूप बंद केलेत, पण दोन वेळचा भात, दिवसाचे चार गोड चहा आणि उपवासाची साबुदाण्याची खिचडी तशीच चालू असेल तर हा २६० हलणार नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. एका वेळचा भात काढून ज्वारीची भाकरी आणि उसळ करा, उपवासाला वरी-साबुदाण्याऐवजी दाणे, ताक, फळ असू द्या. मासे खात असाल तर बांगडा आणि तारली उत्तम, मात्र कालवण करा, तळू नका. आठवड्याला १५० मिनिटे दमछाक होईल असे भरभर चालणे आणि चार-पाच किलो वजन उतरणे याचा ट्रायग्लिसराइड्सवर फार चांगला परिणाम होतो. तपासणीच्या आदल्या रात्री लग्नाचे जेवण किंवा दारू झाली असेल, तर बारा तास उपाशी राहून एकदा पुन्हा तपासा.

आता गोळी. नेटाने पाळलेल्या पथ्याने एलडीएल साधारण दहा-पंधरा टक्के उतरतो. म्हणजे १५० चा फार तर १३० च्या आसपास येईल. रोसुवास्टॅटिन १० ने तो साधारण ४५ टक्के उतरतो, ८० च्या घरात येतो. हा फरक यजमानांना कागदावर लिहून दाखवा. गोळी सुरू असतानाही पथ्य लागतेच, कारण ट्रायग्लिसराइड्सचे काम गोळी पुरेसे करत नाही. 'जन्माची मागे लागते' म्हणजे सवय लागते असे नाही. बंद केली की यकृत पुन्हा पहिल्यासारखे कोलेस्टेरॉल बनवू लागते, एवढेच. म्हणूनच रिपोर्ट चांगला आला की परस्पर बंद करायची नसते. पाय दुखण्याची भीती बहुतेकांना असते. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये, आधी त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना आलटून पालटून खरी गोळी, खोटी गोळी आणि काहीच नाही असे महिने दिले. खऱ्या गोळीने झालेल्या त्रासापैकी सुमारे ९० टक्के त्रास खोट्या गोळीनेही झाला. तरीही स्नायू खूप दुखले किंवा लघवी गडद झाली, तर लगेच डॉक्टरांना सांगावे. त्यांच्याकडे दुसरा डोस, दुसरी गोळी असते.

गोळी घ्यायच्या आधी टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) झाले आहे का ते विचारा. थायरॉइड मंद असेल तर एलडीएल त्यानेच वाढतो, आणि लपलेली शुगर ट्रायग्लिसराइड्स वाढवते. दुसरी लिपिड तपासणी (हीच कोलेस्टेरॉल-ट्रायग्लिसराइड्सची) सहा ते बारा आठवड्यांनी करा. त्याच वेळी एकदाच, आयुष्यात एकदाच, लिपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच रक्तवाहिनीत साचणारा एक कण) तपासून घ्या. ते जवळपास पूर्णपणे वंशातून येते, खाण्यापिण्याने बदलत नाही, आणि सासऱ्यांना इतक्या लवकर अटॅक का आला याचे उत्तर कदाचित त्यात असेल. तुमच्या धाकट्या दिरांनाही याच महिन्यात लिपिड प्रोफाइल करायला लावा. मुलगा अठराचा झाला की त्याचेही करा.