पुण्याहून दोन दिवस, आई-वडिलांसोबत: रेवदंड्याला जा, पण कुंडलिकेच्या सोबतीने

साठीपुढच्या आई-वडिलांना घेऊन शनिवार-रविवार गाडीने जाता येईल, नदी असेल आणि इंग्रज-पोर्तुगीजांच्या काळातलं काही बघता येईल असं ठिकाण तुम्ही विचारलंय. माझं उत्तर रेवदंडा. बहुतेक लोक तिथे समुद्रासाठी जातात. तुम्ही कुंडलिका नदीचा शेवट बघायला जा.

चांदणी चौकातून सहाला निघा. पौड, मुळशी, ताम्हिणी, विळे, कोलाड, रोहा, साळाव आणि पूल ओलांडला की रेवदंडा. थांबत थांबत पाच तास धरा. पावसाळ्यातला रविवार असेल तर ताम्हिणीचं नावच काढू नका.

मुळशीला पाच मिनिटं गाडी थांबवा. ते पाणी मुळेचं, म्हणजे उताराने वाहिलं असतं तर आपल्या पुण्यातच आलं असतं. टाटांनी ते अडवलं, डोंगराच्या पोटातून पलीकडे नेलं आणि सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याला सोडलं. १९२७पासून तिथे वीज तयार होते. या धरणाविरुद्ध सेनापती बापटांचा सत्याग्रह १९२१ ते १९२४ चालला. शाळेत तो एका ओळीत उरकतात. माझ्या वडिलांच्या आजीचं माहेर त्या पाण्याखाली आहे, त्यामुळे आमच्या घरी ती ओळ जरा लांबते.

वीज करून सुटलेलं पाणी कुंडलिकेत पडतं. कोलाडचे राफ्टिंगवाले सकाळी सकाळी बोलावतात ते याचसाठी. वरून पाणी सुटलं की नदी भरते, दुपारी उतरते. भिऱ्याला वाट वाकडी करू नका, सुट्टीच्या दिवशी देवकुंड धबधब्याच्या गर्दीत अडकाल. रोह्यात जेवा.

रेवदंड्याचा किल्ला म्हणजे खाडीच्या तोंडावरचा पोर्तुगीजांचा चौल. आत आज नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, माणसं राहतात. सातखणी मनोऱ्याचे सगळे खण आता उरलेले नाहीत, पण पायथ्याशी तोफा पडल्यात. आमच्या वेळी एका तोफेवर कुणीतरी चादर वाळत घातली होती. याच खाडीत १५०८ साली पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाचा मुलगा लोरेन्सो आरमारी लढाईत मारला गेला. १७४०मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांना इथून घालवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडे कोर्लई. दीपगृहापर्यंत गाडी जाते, तिथून वर किल्ल्यावर पायऱ्या. गुडघे दुखत असतील तर आईंना खालीच बसवा, तिथूनही खाडी आणि समुद्र दोन्ही दिसतात. पण खरं नवल खालच्या गावात आहे. पोर्तुगीज गेले, भाषा राहिली. तिथली ख्रिस्ती कुटुंबं आजही घरात पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली बोली बोलतात. ‘नोलिंग’, म्हणजे आपली भाषा. मासळी घेताना दोघी बायका आपसात काय बोलतात ते मी कान देऊन ऐकत होतो, ओ का ठो कळलं नाही. आमच्याकडे वळून मात्र झकास मराठीत भाव सांगितला, आणि एक रुपया कमी केला नाही. तशी ‘पाव’, ‘बटाटा’, ‘चावी’, ‘पगार’ हे शब्द आपणही पोर्तुगीजांकडूनच घेतलेत, पण आपल्याला ते मराठीच वाटतात.

परतताना साळावच्या पुलाआधी वडिलांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. खाली एक जण जाळं आवरत होता. त्याला विचारलं, “भरती का ओहोटी?”

“ओहोटी. सगळं चाललंय बाहेर.”

“मुळशीचं आहे ते,” वडील म्हणाले. त्याला काही समजलं नसावं. तो हसला आणि जाळं झटकू लागला.

जानेवारीत गेलात तर मुक्कामाच्या ठिकाणी पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या शेंगांचा बेत, आधीच सांगून ठेवा; वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, मडकं, जाळ, सगळं जमवायला त्यांना वेळ लागतो. आणि रविवारी दोनच्या आत निघा. आम्ही चारला निघालो, ताम्हिणीत अंधारात टायर गेला आणि स्टेपनीत हवा नव्हती.