पासवर्ड चुकला की प्रोग्रॅमच बंद पडतो

प्रश्न : माझ्या लिनक्स संगणकाला जोडायची एक एनक्रिप्ट केलेली हार्ड डिस्क आहे. तिच्यात घराच्या कागदपत्रांचे स्कॅन आणि वडिलांची जुनी छायाचित्रे आहेत. बॅकअपच्या प्रोग्रॅममधून ती उघडताना पासवर्ड चुकला, तर तसे सांगण्याऐवजी प्रोग्रॅमची खिडकीच नाहीशी होते. असे तीनदा झाले. डिस्क खराब झाली असेल का? आणखी चुकलो तर ती कायमची लॉक होईल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या वर्णनावरून दोष डिस्कचा नसून प्रोग्रॅमचा दिसतो. लिनक्सवर डिस्क सहसा लक्स या पद्धतीने एनक्रिप्ट होते, म्हणजे तिच्यातील माहिती किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी सांकेतिक केली जाते. डिस्कच्या सुरुवातीच्या भागात, म्हणजे हेडरमध्ये, खरी किल्ली कुलूपबंद करून ठेवलेली असते. एंटर दाबल्यावर एक-दोन सेकंद काहीच घडत नाही असे वाटते, त्या वेळात पासवर्डवर मुद्दाम संथ ठेवलेले गणित चालते आणि किल्ली जुळली नाही तर नकार मिळतो. या तपासणीत आपल्या माहितीला धक्का लागत नाही आणि लक्स चुकांची मोजदादही ठेवत नाही. त्यामुळे तीसदा चुकलात तरी डिस्क लॉक होणार नाही. (डिस्कवरच अंकांच्या कळा असणारी काही उपकरणे मात्र ठरावीक चुकांनंतर माहिती पुसतात, त्यांची गोष्ट वेगळी.)

कुलूप उघडणारा क्रिप्टसेटअप हा मूळ प्रोग्रॅम पासवर्ड चुकल्यास २ हा संकेतांक परत देतो. त्याला वापरणारा बॅकअपचा प्रोग्रॅम असा नकार न तपासता डिस्क उघडली असे गृहीत धरून पुढे गेला, तर ज्या जागी उघडलेली डिस्क असायला हवी तिथे काहीच नसते आणि तो कोसळतो. पासवर्ड चुकणे ही रोजची गोष्ट आहे. तिची सोय न करणे मला किरकोळ चूक वाटत नाही. कारण घाबरलेला माणूस डिस्क विंडोजला लावून पाहतो, विंडोजला लक्स वाचता येत नसल्याने फॉरमॅट करण्याची विचारणा होते, आणि तिथे होकार दिला की हेडर नष्ट होऊन बरोबर पासवर्डही निरुपयोगी ठरू शकतो.

तेव्हा फॉरमॅटला कधीही होकार देऊ नका. कीबोर्ड मराठी इनस्क्रिप्टवर राहिला नाही ना, हे आधी पाहा. तसे असल्यास इंग्रजी ‘के’च्या कळीवर ‘क’ उमटतो, पण रकान्यात ठिपकेच दिसत असल्याने ते कळत नाही. मग टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, क्रिप्टसेटअपच्या टेस्ट-पासफ्रेज या पर्यायाने, डिस्क न उघडता, नुसता पासवर्ड तपासा. तो जुळला, तर त्याच दिवशी हेडरची प्रत काढून दुसऱ्या सुरक्षित ठिकाणी ठेवा. लक्सच्या दुसऱ्या आवृत्तीत ती साधारण १६ एमबीची असते.

प्रश्न : असा प्रोग्रॅम कोसळल्यावर तयार होणारी फाइल निर्मात्यांना पाठवावी का?

उत्तर : तक्रार जरूर करावी; चुकीचा पासवर्ड टाकून एंटर दाबताच प्रोग्रॅम बंद होतो, हे आवृत्तीच्या क्रमांकासह लिहावे. मात्र कोअर डंप नावाची ती फाइल पाठवू नये. कोसळण्याच्या क्षणी स्मृतीत असलेला मजकूर तिच्यात उतरतो, आणि त्यात आपण नुकताच टाकलेला, एखादेच अक्षर चुकलेला पासवर्ड असू शकतो. ती पाठवून झाली असेल, तर पासवर्ड बदलून हेडरची नवी प्रत काढावी आणि जुनी प्रत नष्ट करावी, कारण जुन्या प्रतीला जुनाच पासवर्ड चालतो.