एनएडीएच आणि एनएडीपीएच दोन्ही इलेक्ट्रॉनच वाहतात, मग पेशीला दोन वाहक कशाला?

‘पी म्हणजे प्लांटचा पी’ असं क्लासमध्ये सांगितलं पण पटलं नाही, असं तुम्ही लिहिलंय. पटू नयेच. तो पी फॉस्फेटचा. आपलं यकृतही चरबी तयार करताना एनएडीपीएचच वापरतं, आणि यकृत काही माडाला लागत नाही.

मी दापोलीत बारावीला जीवशास्त्र शिकवतो. हा प्रश्न आला की मुलांना मनातल्या मनात हर्णैच्या बंदरावर नेतो. संध्याकाळी होड्या लागल्या की किनाऱ्यावर रिकाम्या टोपल्या हव्यात, नाहीतर मासळी उतरवणार कशात? घरी कालवणाला बसलेल्या बाईला मात्र भरलेली टोपली हवी. दोघांची सोय एकाच संचात होत नाही. मग दोन संच ठेवायचे आणि ओळखायला एकाच्या काठाला चिंधी बांधायची.

फॉस्फेट ही ती चिंधी. एनएडी, एनएडीपी म्हणजे रिकाम्या टोपल्या; शेवटी एच लागला की भरलेल्या. इलेक्ट्रॉन धरायची जागा दोघांत तीच, एका खेपेला दोन इलेक्ट्रॉन. प्रमाण विभव, म्हणजे इलेक्ट्रॉन देण्या-घेण्याची ओढ, तीही जवळपास सारखी, उणे ०.३२ व्होल्ट. म्हणजे ताकदीत फरक नाही. विकरं (एन्झाइम) चिंधी बघून आपापली टोपली उचलतात, एवढंच. उंदराच्या यकृतात मोजलं तेव्हा पेशीद्रवातल्या, प्रथिनांना न चिकटलेल्या एनएडीच्या रिकाम्या टोपल्या भरलेल्यांच्या शेकडो पट निघाल्या, आणि एनएडीपीच्या बहुतेक भरलेल्या. म्हणून पहिला अन्नाकडून इलेक्ट्रॉन काढून घेतो, दुसरा काही घडवायला देतो.

हरितलवकात, म्हणजे पानातल्या प्रकाशसंश्लेषणाच्या जागी, पाण्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन प्लास्टोक्विनोन, सायटोक्रोम, प्लास्टोसायनिन असे हात बदलत, वाटेत दोनदा प्रकाशाचा जोर घेत, फेरेडॉक्सिनमार्गे एनएडीपीवर चढतात आणि साखर घडवायला जातात. श्वसनात उलटं: साखरेतले इलेक्ट्रॉन एनएडीवरून निघून शेवटी ऑक्सिजनला मिळतात, पुन्हा पाणी.

एफएडी या तिसऱ्या इलेक्ट्रॉन-वाहकाचं विचारलं नाहीत, तरी सांगतो. श्वसनातल्या क्रेब्ज चक्रातला एफएडी फिरतच नाही. ही टोपली होडीलाच बांधलेली, म्हणजे सक्सिनेट डीहायड्रोजनेज या विकराला. त्याचे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे जाणाऱ्या साखळीत पहिला टप्पा चुकवून शिरतात, म्हणून एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) एनएडीएचच्या अडीचऐवजी दीडच्या आसपास.

आणि परीक्षेत झाडाच्या पेशीत तंतुकणिकाही (मायटोकॉन्ड्रिया, श्वसनाची जागा) काढा. झावळीलाही श्वसन करावं लागतं. माझी निम्मी मुलं विसरतात.