शनिवारचा एक तास मागून घ्या

ताई, मी बार्शी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वय 41. दिवाळीपासून मधूनच छातीत धडधडतं, हातपाय गार पडतात, वाटतं आता संपलं. ईसीजी, टूडी एको सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. सासूबाई अर्धांगवायूने अंथरुणावर आहेत. मिस्टर पुण्यात नोकरीला, शनिवार-रविवार येतात, त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. भाचीने पुण्यातल्या एका अनुभवी थेरपिस्टबाई सुचवल्यात. त्या व्हिडिओ कॉलवर बोलतात, एका वेळचे 1200 रुपये. पण मोबाइलवर बोलून कुणी बरं होतं का? त्या खऱ्या कशावरून? घर दोन खोल्यांचं, सासूबाईंना सगळं ऐकू जातं. सर्व्हिस बुकात नोंद झाली तर? कधी कधी वाटतं, सगळं टाकून निघून जावं.
— एक शिक्षिका

बाई, आधी तुमचं शेवटचं वाक्य. निघून जावं म्हणजे चार दिवस माहेरी जाऊन पडावंसं वाटतं, की जगणंच नको झालंय? स्वतःशी खरं काय ते बोला. जगणं नको झालं असेल तर कुठल्याही अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, आत्ता 14416 लावा. ही केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा, 2022 पासून चालू आहे. चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. आणि मिस्टरांना त्याच दिवशी बोलावून घ्या.

तसं नसेल तर पुढचं वाचा.

तुम्ही लिहिलंय ते पॅनिक अटॅकसारखं वाटतं. निदान मी करणार नाही, ते तज्ज्ञांचं काम. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासलं नसेल तर तेवढं करून घ्या, कारण त्यातही धडधड होते. पॅनिकमध्ये धोका नसतानाच शरीर धोक्याची घंटा वाजवतं. ती काही मिनिटांत टोकाला जाते आणि मग आपोआप उतरते, पण तोवर माणूस इतका घाबरलेला असतो की पुढच्या वेळी नुसतं छातीत जरा हललं तरी तीच भीती उठते. अशा माणसाला ‘टेन्शन घेऊ नका’ सांगून काय उपयोग!

मोबाइलवर बोलून होतं का, तर होतं. पॅनिक आणि चिंतेच्या बाबतीत व्हिडिओवरच्या उपचारांचा गुण समोरासमोरच्या उपचारांइतकाच जवळपास येतो, असं आजवरच्या अभ्यासांत दिसलंय. कारण हे नुसतं मन मोकळं करणं नसतं. तुम्हाला मिनिटभर जागच्या जागी धावायला सांगतील. धडधड वाढेल, आणि ती वाढत असताना मनात काय आलं ते लगेच विचारतील. ‘आता मी पडणार’ असं आलं असेल तर तेच वहीत लिहायचं, पडलात का तेही लिहायचं. असं पुन्हा पुन्हा, म्हणजे धडधडीचीच भीती हळूहळू ओसरते. आठवड्याचा गृहपाठ देतील आणि पुढच्या वेळी तपासतील. तुम्ही शिक्षिका आहात, तुम्हाला हे जमेल. साधारण दहा-पंधरा भेटी धरून चाला.

त्या खऱ्या कशावरून, हे त्यांनाच विचारा, संकोच नको. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. समुपदेशक असतील तर शिक्षण कुठलं, अनुभव किती, पॅनिकची माणसं आधी हाताळलीत का, हे विचारा. गोळ्या फक्त डॉक्टर देऊ शकतात, म्हणजे तुमच्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ. गोळी लागेल असं वाटलं तर त्या स्वतःच तिकडे पाठवतात. चांगली थेरपिस्ट पहिल्याच भेटीत तुमचा पत्ता आणि जवळच्या माणसाचा नंबर विचारते. अडचणीच्या वेळी उपयोग व्हावा म्हणून, त्यात वावगं काही नाही. तीन भेटींत पूर्ण बरं करण्याची हमी कुणी दिली तर मात्र तिथून उठा.

सर्व्हिस बुकाची काळजी सोडा. तुम्ही खासगीत घेतलेल्या उपचारांची नोंद तिथे जायचं काही कारणच नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक केलंय. जिवाला धोका किंवा कोर्टाचा आदेश असे थोडेच अपवाद आहेत.

खरी अडचण मला जागेची आणि वेळेची दिसते, आणि तिथेच बायका माघार घेतात. सासूबाई पलीकडच्या खोलीत ऐकताहेत म्हटल्यावर तुम्ही त्यांच्याबद्दल काय बोलणार? आणि त्यांच्याबद्दलच तर बोलायचं असेल. सगळं एकटीने उचलताय, चीड येत असेल, येणारच. ती दबल्या आवाजात निघत नाही. तेव्हा घरातून बोलूच नका. शनिवारी सकाळची शाळा सुटली की वर्ग रिकामा होतो. मुख्याध्यापकांना एवढंच सांगा की तासभर बसून एक फोन करायचाय. इअरफोन लावा, फोन टेकवून ठेवा, रेंज आदल्या दिवशी तपासा. व्हिडिओ अडकला तर नुसता कॉलही चालतो.

तेवढा वेळ आईजवळ मिस्टर बसतील. म्हणजे त्यांना सांगावं लागेल, आणि सांगाच. ‘मला त्रास होतोय, शनिवारी एक तास मला हवा’, इतकंच. परवानगी मागू नका, वेळ मागा. आई त्यांची आहे.

पैसे जड जात असतील तर फी कमी होईल का ते विचारा, बरेच जण करतात. जरा सुधारलं की पंधरवड्याला एक भेटही चालते. सोलापूरच्या शासकीय रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, तो मार्ग खुला आहेच. आणि दोन-तीन भेटींनंतर या बाईंशी सूर जुळला नाही, तर तसं त्यांना सांगा. दुसरं नाव त्याच सुचवतील.