व्हॅम्पायर-कथा वाचायला घेताय? मग 'कार्मिला'पासून सुरुवात करा

थेट 'ड्रॅक्युला' (१८९७) उचलू नका. आधी आयरिश लेखक ली फानूची 'कार्मिला' (१८७२) वाचा. ती छोटी आहे, दोन-तीन बैठकांत संपते. एकाकी लॉराला घरी राहायला आलेल्या गूढ कार्मिलाची ओढही वाटते आणि किळसही. या प्रकारच्या कथांचा गाभा हाच: भीती आणि आकर्षण एकाच व्यक्तीबद्दल.

मग ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला'. नवे वाचक इथे हमखास चुकतात:

- सिनेमातला काउंट (म्हणजे उमराव ड्रॅक्युला) डोक्यात ठेवून वाचतात. स्टोकरचा काउंट दिवसाढवळ्या लंडनमध्ये फिरतो. इतकंच की तेव्हा त्याची शक्ती मर्यादित असते.
- रोजनिशा, पत्रं, तारा कंटाळवाण्या म्हणून वगळतात. कृपया वगळू नका! सगळे आपापलं लिहितात, काउंटची बाजू मात्र आपल्याला कधीच कळत नाही. दहशत तिथेच आहे.
- मीनाला (नायक हार्करची बायको) निव्वळ बळी समजतात. विखुरलेले कागद टाइप करून, तारखांप्रमाणे लावून काउंटची शिकार शक्य करते ती मीनाच. माझ्या मते कादंबरीतलं सर्वांत समृद्ध पात्र तेच.

काउंटच्या मागावर असलेल्या प्रोफेसर व्हॅन हेल्सिंगची लांबलचक भाषणं जड वाटली तरी नेटाने पुढे जा. समीक्षा, मानसशास्त्रीय अर्थ सध्या बाजूला ठेवा. हार्कर काउंटच्या किल्ल्यात जाऊन अडकतो त्या पहिल्या चार प्रकरणांना मात्र एक निवांत रात्र द्या.