मधला व्हेरियंट की टॉप?

प्रश्न : छोटी क्रॉसओव्हर (एसयूव्हीसारखी दिसणारी, थोडी उंच कार) घ्यायची आहे, बजेट बेताचं आहे. बेस, मधला आणि टॉप यांत निवड कशी करावी?

उत्तर : आधी पाहा, कोणती गोष्ट नंतर बसवता येते. रिव्हर्स कॅमेरा, स्पीकर, सीट कव्हर बाहेरही बसतात. कर्टन एअरबॅग (खिडक्यांच्या बाजूने उघडणारी), ईएसपी (गाडी घसरू लागली की आपोआप ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा), उंची बदलणारी ड्रायव्हर सीट मात्र कारखान्यातूनच यायला हवी. बेसमध्ये एअरबॅग किंवा ईएसपी गाळलं असेल तर तो व्हेरियंट सोडाच. इथे काटकसर नको. सगळं असेल तर बेसही उत्तम गाडी आहे.

बाहेरून स्क्रीन बसवताना मूळ वायर कापू देऊ नका, कपलरवाली (मूळ प्लगमध्येच बसणारी) जोडणीच मागा. वायर कापली की इलेक्ट्रिकल बिघाडाचा वॉरंटी क्लेम नाकारला जाऊ शकतो.

टॉपची मोठी अलॉय चाकं देखणी खरी, पण टायरचं गणित पाहा. २१५/६० आर१६ (रुंदी २१५ मिमी, भिंत रुंदीच्या ६० टक्के, रिम १६ इंच) टायरची बाजूची भिंत १२९ मिमी असते, २१५/५५ आर१७ ची सुमारे ११८. भिंत बुटकी झाली की खड्ड्याचा दणका जास्त जाणवतो, रिम वाकण्याची भीतीही वाढते. शिवाय असा टायर बहुधा महाग पडतो. स्पेअर चाक लहान मापाचं आहे का, तेही डिकी उघडून बघा.

सनरूफमुळे छत थोडं खाली येतं. घरातल्या सर्वांत उंच माणसाला मागे बसवून पाहा. टेस्ट ड्राइव्ह घ्यायचा तो विकत घ्यायच्या व्हेरियंटचाच, त्याच गिअरबॉक्ससह. शोरूममध्ये बहुतेकदा टॉपच पुढे करतात.

आमचा कौल बहुतेकांसाठी मधल्याला.