पहिल्या वाक्यापाशी थांबलेले लेखन

पदव्युत्तर अभ्यासक्रमाची एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली, तेव्हा तिची चिंता मी अनेकांकडून ऐकते तीच होती. वाचन झालेले असते, टिपणे तयार असतात, तरी लिहायला बसल्यावर तासन् तास एका परिच्छेदाच्या पुढे जाता येत नाही. मग आपल्याला लिहिता येतच नाही, असे समजायचे का? (हा अनुभव तिच्या संमतीने लिहीत असून ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

झोप, भूक आणि इतर कामांतला उत्साह यांविषयी मी आधी विचारून घेतले, कारण तिथेही पडझड असेल तर प्रश्न केवळ लेखनाचा राहत नाही. तिची अडचण लेखनापुरतीच होती. म्हणून पुढच्या भेटीला न जमलेले पान, त्यातले काहीही न लपवता, घेऊन यायला सांगितले.

त्या पानावर निबंधाचे पहिले वाक्य नऊ वेळा लिहिलेले होते. पहिल्यात ‘परिणाम’ होता, दुसऱ्यात ‘प्रभाव’, तिसऱ्यात पुन्हा ‘परिणाम’; सहाव्यात क्रियापद बदलले होते आणि नववे जवळजवळ पहिल्यासारखेच होते. प्रत्येक वाक्य खोडताना मनात काय आले, असे विचारल्यावर ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “मॅडम, सरांना हे बाळबोध वाटेल, एवढेच.” निबंधात नेमके काय म्हणायचे आहे, हे मात्र तिने तिथल्या तिथे चार मिनिटांत मला नीट समजावून सांगितले. विचार तयार होता. तो कागदावर उतरण्याआधीच त्याची तपासणी सुरू होत होती.

सुचणे आणि पारखणे ही दोन्ही कामे एकाच वेळी केली की मनावर दुहेरी भार पडतो. आपली कार्यकारी स्मृती एका वेळी मोजक्याच गोष्टी धरून ठेवू शकते, त्यामुळे शब्द तोलत बसले की युक्तिवादाची पुढची पायरी निसटते. लेखनशिक्षणाच्या अभ्यासक नॅन्सी सॉमर्स यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थी आणि अनुभवी लेखक यांच्या पुनर्लेखनाची तुलना केली होती. विद्यार्थी प्रामुख्याने शब्द बदलत होते, तर अनुभवी लेखक आधी आपल्या युक्तिवादाला आकार सापडतो का, हे पाहत होते. हे ऐकल्यावर तिने आपली नऊ वाक्ये पुन्हा वाचली आणि नऊही वाक्ये एकच गोष्ट सांगतात, हे तिच्याच लक्षात आले.

मी सुचवलेला पहिला उपाय फसला. घड्याळ लावून पंचवीस मिनिटे न थांबता लिहायचे, असे ठरवले होते. तिचे लक्ष काट्यांकडेच लागून राहिले, म्हणून तो आम्ही सोडून दिला. त्यानंतरची पद्धत तिने स्वतःच घडवली, आणि मला ती अधिक मोलाची वाटते. मुद्दा आधी मोठ्याने बोलून फोनवर ध्वनिमुद्रित करायचा आणि त्यावरून कच्चा खर्डा हातानेच लिहायचा, कारण संगणकावर पुसण्याचा मोह तिला आवरत नसे. शब्द अडला तर रिकामी चौकट काढून पुढे जायचे. एक रात्र मध्ये जाऊ द्यायची आणि मग प्रत्येक परिच्छेदासमोर, समासात, तो काय सांगतो हे एका ओळीत लिहायचे.

त्या समासातल्या ओळींनीच तिला दाखवून दिले की पहिले दोन परिच्छेद विषयाभोवती नुसत्या घिरट्या घालत आहेत आणि खरे प्रतिपादन चौथ्यात आहे. ते दोन परिच्छेद काढून टाकणे तिला फार जड गेले. अखेर ‘काढलेले’ नावाच्या वेगळ्या फाइलीत ते ठेवल्यावरच तिचा हात मोकळा झाला. भाषेची दुरुस्ती सर्वांत शेवटी, मोठ्याने वाचून, आणि वाचताना धाप लागेल तिथे वाक्य तोडून.

पाचव्या भेटीला तिने पूर्ण निबंध आणला. त्याचे पहिले वाक्य तिने सगळ्यात शेवटी लिहिले होते, आणि ते चौथ्या परिच्छेदातून जसेच्या तसे उचललेले होते.